आडकाठी मॅडम

तालुक्याच्या कुठल्याही बसस्थानकावर उतरलं की माणसं आधी नाकाला रुमाल लावतात. आमच्या मॅडम मात्र मुतारीच्या भिंतीजवळून जाताना मुद्दाम सावकाश चालायच्या, छाती भरून श्वास घ्यायच्या आणि गाण्याला दाद द्यावी तशी मान डोलवायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आम्ही मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. मॅडम म्हणाल्या, "युरिएज हाय हा. लई जोरात कामाला लागलाय." मग बसची वाट पाहत तिथेच उभ्या उभ्या त्यांनी आम्हाला समजावलं, की लघवीला मुळात इतका वास नसतोच. तिच्यातल्या युरियाचे तुकडे करून अमोनिया काढणारं एक एन्झाइम जिवाणूंकडे असतं, आणि आपण ज्याला दुर्गंधी म्हणतो ती त्या जिवाणूंच्या कष्टाची खूण. शेतात युरिया फेकला की तिथेही हाच उद्योग चालतो आणि अर्धं खत वाऱ्यावर जातं. बाजूला कंडक्टर तिकिटाची पेटी काखेत धरून ऐकत होता. बस सुटायची वेळ झाली तरी त्याने घंटी मारली नाही.

मॅडम बीडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या परळीच्या. उंचीने बेताच्या, आवाजाने भरपूर. पांढरी नाहीतर फिकट निळी साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत कायम कुणाच्या तरी रानातली पानं. त्यांनी पीएच.डी. केली होती ती वनस्पती आणि जिवाणू नत्र कसं पचवतात, आणि त्या पचनातलं एखादं एन्झाइम रोखून धरलं तर काय होतं, यावर. इंग्रजीत त्या रोखणाऱ्या पदार्थाला इन्हिबिटर म्हणतात. मॅडम 'आडकाठी' म्हणायच्या. त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव आडकाठी मॅडम ठेवलं. एकदा कुणीतरी फळ्यावर ते नाव 'अडकाठी' असं लिहून ठेवलं. मॅडम वर्गात आल्या, फळा वाचला, खडू घेऊन 'अ'ला काना दिला आणि शिकवायला लागल्या.

आडकाठी म्हणजे वाईटच, असं आम्हाला वाटायचं. मॅडमना ते पटायचं नाही. पेशीत शेकडो एन्झाइमं एका वेळी राबत असतात, त्यात कोण नेमकं काय करतं हे बाहेरून कळत नाही. एकाला आडकाठी घाला, मग बघा कुठे काय तुंबतं आणि कुठे काय आटतं. हे समजावताना त्या स्वतःच्या आईची गोष्ट सांगायच्या. आई दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. एरवी घरात ती दिसायचीच नाही, म्हणजे दिसायची, पण जाणवायची नाही. ती गेली की दुसऱ्या दिवशी पाणी संपायचं, तिसऱ्या दिवशी रॉकेल, मग कोंबड्या शेजारणीच्या घरात सापडायच्या आणि शेवटी भावंडं आपसात मारामाऱ्या करायची. "आई गेलती तवाच आमाला कळलं, घर कोण चालवतं ते," मॅडम म्हणायच्या. "न्हाईतर आमी समजत होतो, घर आपलं आपणच चालतं." पुढे मी कितीतरी जाड पुस्तकं वाचली. आडकाठीचा उपयोग इतका नीट कुठेच सांगितलेला आढळला नाही.

त्यांच्या वर्गात एकदा संस्थेचे एक संचालक मागच्या बाकावर येऊन बसले होते. तालुक्यातले बडे पुढारी. त्या दिवशी विषय होता नायट्रेट रिडक्टेज. मुळांनी उचललेल्या नायट्रेटवरचं पहिलं काम हे एन्झाइम करतं आणि त्यासाठी त्याच्या पोटात मॉलिब्डेनम नावाचा धातू लागतो, अगदी कणभर. पण रोपाला टंगस्टन दिलं तर ते दिसायला सारखं असल्यामुळे मॉलिब्डेनमच्या जागी जाऊन बसतं. एन्झाइम तयार होतं, जागेवर असतं, काम मात्र करत नाही. नायट्रेट साचत जातं आणि पान पिवळं पडतं. मॅडम आपल्या नादात बोलून गेल्या, की खुर्ची भरलेली असते, पण कारभार बंद असतो. वर्गातल्या सगळ्यांच्या नजरा मागच्या बाकाकडे. मॅडमच्याही आता लक्षात आलं, पण त्या काही सावरासावर करायला गेल्या नाहीत. सगळ्यात आधी हसले ते संचालकच. इतके हसले की त्यांच्या अंगरक्षकालाही हसावं लागलं. जाताना त्यांनी प्रयोगशाळेला काय हवंय म्हणून विचारलं आणि मॅडमनी तिथल्या तिथे नवा फ्रिज मागून घेतला. तो फ्रिज आला तेव्हा पोरांनी त्याचं नाव टंगस्टन ठेवलं.

जून लागला की मॅडम आम्हाला कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबांखाली लिंबोळ्या वेचायला लावायच्या. तेव्हा कडुलिंबाचा लेप दिलेला युरिया आजच्यासारखा सगळीकडे मिळत नव्हता. आम्ही लिंबोळ्या वाळवून कुटायचो, तो भरडा ओलसर युरियाला चोळायचो आणि घरी जाऊन जेवायला बसलो की भाकरी कडू लागायची. पायऱ्यांवर ज्वारीच्या कुंड्या मांडलेल्या असायच्या. काहींना साधा युरिया, काहींना कडू. सुरुवातीला साध्या युरियाची रोपं अशी काही तरारायची की त्या बाजूची पोरं आम्हाला चिडवायची. मॅडम शांत राहायच्या. पाण्यावर पाणी पडत गेलं की साध्या कुंडीतलं नायट्रेट वाहून जायचं आणि ती रोपं फिकी पडायची. आमच्या कुंडीत लिंबोळीने जिवाणूंचा हात आखडलेला असायचा, त्यामुळे अमोनियाचं नायट्रेट सावकाश व्हायचं आणि रोपाला रोज थोडं थोडं मिळत राहायचं. शेतकरी भेटला की मॅडम त्याला एवढंच सांगायच्या, "पिकाला जेवणावळ घालू नका. डबा लावा."

मी नेकनूरजवळच्या एका गावातून बसने यायची. आमची थोडीशी जिराईत जमीन होती, बाबा आणि तात्या म्हणजे माझे चुलते मिळून कसायचे. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यात हरभरा असा आला होता की बाबा येता-जाता उगाच बांधावर थांबायचे. फुलं लागली, घाटे धरू लागले, आणि एका सकाळी नानांच्या बांधाच्या बाजूची रोपं मलूल दिसली. नाना म्हणजे आमच्या शेजारचे जमीनदार. गावातलं मोठं घर. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा पिवळ्या झाल्या आणि तो पिवळेपणा आत सरकू लागला.

मागच्या वर्षी बांध कोरण्यावरून नानांशी आमचं वाजलं होतं. त्यामुळे तात्यांच्या मनात शंकाच उरली नाही. यांनी आपल्या पिकावर विष टाकलं, असं ते गावभर बोलले. वस्तीतले चार जण गोळा झाले. नानांकडून निरोप आला की हरभऱ्याला मर रोग लागला असेल, उगाच आमच्या नावाने खडे फोडू नका. तात्या दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जायला निघाले होते. आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. भीती नुकसानीची होतीच, पण एकाच गावात राहून पुढे काय होईल, याची जास्त होती.

सकाळी मी पिवळी पानं घेऊन कॉलेजात गेले. मॅडमनी पान बोटात चुरडलं, नाकाशी नेलं आणि दुपारचा तास सोडून माझ्याबरोबर बसमध्ये बसल्या. वाटेत त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की नानांच्या बांधावर गवत आहे का. मी म्हटलं, हरळी आणि कुंदा माजलेला होता, आता वाळलाय. त्यांनी खिडकीबाहेर पाहत मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी आधी तात्यांना बसवलं. तात्यांचा राग त्यांनी पुरता ऐकून घेतला, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तक्रार करायची तर मी तुमच्यासंगं ठाण्यात येते. पण आधी झालं काय ते कळू द्या. खोट्याच्या नादानं खरी तक्रारबी हारती." मग मॅडमनी नानांना बांधावर बोलावणं धाडलं. नाना येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण कॉलेजच्या बाई आल्यात म्हटल्यावर ते आले, आणि त्यांच्यामागे बरंच गाव आलं.

मॅडमनी माझ्या आईकडून हळद आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या मागून घेतल्या. शाई टिपायच्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळ्याधमक केल्या. चुना मात्र त्यांनी नानांकडे मागितला. नाना तंबाखू खायचे, डबी खिशातच होती. एका बाटलीत आमच्या शेताच्या मधल्या, ठणठणीत रोपांची पानं चुरडून घातली. दुसरीत बांधाजवळची. मग नानांना म्हणाल्या, की आता तुमच्या रानातली चांगली पानं तुम्हीच आणून द्या, म्हणजे मी कुणाच्या बाजूने करते असं व्हायला नको. नाना बांधापलीकडे त्यांची मेथी होती तिथे गेले आणि मूठभर पाला घेऊन आले. तो तिसऱ्या बाटलीत. तिन्हींत चुन्याचं पाणी ओतलं आणि पट्ट्या आत लोंबत राहतील, पाण्याला टेकणार नाहीत, अशा बेताने झाकणं लावली.

वाट पाहताना मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, की झाड मातीतून नत्र घेतं तेव्हा त्याच्या पोटात अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया हे झाडालाही विषच. पण एक एन्झाइम तिथे कायम हजर असतं. ते अमोनिया दिसला रे दिसला की उचलून दुसऱ्या पदार्थात बांधून टाकतं. गवत मारायचं एक औषध आहे, ते नेमकं त्याच एन्झाइमच्या हातात जाऊन अडकतं. मग अमोनिया उचलायला कुणी उरत नाही. "झाड बाहेरच्या विषानं मरत न्हाई," त्या म्हणाल्या. "घरातला केर घरातच साचून मरतं." आणि वर हेही सांगितलं, की ही युक्ती माणसाने शोधलेली नाही, मातीतल्या एका जिवाणूची आहे, माणसाने ती उचलली. जमलेल्या माणसांपैकी अर्ध्यांनी तेवढ्यात खाली मातीकडे बघितलं.

पहिली पट्टी पिवळीच राहिली. दुसरी कडेने तांबूस होऊ लागली आणि बघता बघता कुंकवासारखी झाली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. इथे चुना कागदाला लागलाच नव्हता, लागला होता तो चुन्याने पानातून बाहेर काढलेला अमोनिया. तात्या ताडकन उभे राहिले. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण आई म्हणाली, तिसरी बघा.

तिसरी पट्टीही लाल झाली होती. नानांनी स्वतःच्या हाताने आणलेल्या मेथीची.

नाना बाटली हातात घेऊन खूप वेळ बघत राहिले. मग मेथीच्या वाफ्यापाशी जाऊन वाकले. पानांच्या कडा तिथेही पिवळ्या पडू लागल्या होत्या, त्यांनी त्या पाहिल्याच नव्हत्या. परत येऊन ते सरळ सांगून मोकळे झाले, की बांधावरचा कुंदा जावा म्हणून त्यांनीच फवारणी केली होती. दुकानदाराने दिलं ते औषध मारलं. दुपारचं वारं सुटलं होतं, ते इकडे नेऊन टाकेल असं वाटलं नाही. चूक वाऱ्याची झाली.

"वाऱ्यावर ढकलू नका, नाना," मॅडम म्हणाल्या. "वारं पंप पाठीला लावून आलं नव्हतं."

मग त्या तात्यांकडे वळल्या. स्वतःच्या मेथीवर कुणी जाणूनबुजून विष घालत नाही, हे तुम्हालाही दिसतंय, असं त्यांनी सांगितलं. नुकसान झालंय ते खरं, ते भरून घ्या, पूर्ण घ्या. पण जेवढा गुन्हा झाला तेवढाच धरा. तात्यांनी वाकून बाटलीतली पट्टी काढली आणि हातात धरून बघू लागले. उघड्या हवेत तिचा लाल रंग हळूहळू उतरत गेला आणि ती पुन्हा पिवळी झाली. तात्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, अमोनिया उडून गेला.

आईने चहा ठेवला होता. मॅडम घरात बाजेवर जाऊन बसल्या. नाना अंगणात उभे. त्या घराण्यातलं कुणी आमचा उंबरा ओलांडून आत आल्याचं बाबांनाही आठवत नव्हतं. कामाचं बोलणं असलं की ते अंगणातूनच व्हायचं आणि चहाचं कुणी नावही काढत नसे. बाबा दारात घुटमळत होते, या म्हणावं की नाही, म्हणून. आतून मॅडमचा आवाज आला, "नाना, चहा निवतोय." दुसरं काही नाही. नानांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि आत आले. मॅडमनी बाजेवर सरकून जागा केली. नानांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि प्यायला. आईला म्हणाले, आलं छान लागलंय. तात्यांनी त्यांच्याशेजारी बसून दुसरा कप घेतला तेव्हा बाहेर जमलेली माणसं आपापल्या घरी निघाली, कारण आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काढणीच्या वेळी नानांनी आमच्या कमी पडलेल्या गोण्या त्यांच्या रानातल्या हरभऱ्याने भरून दिल्या. बांध पुन्हा मोजला गेला. गावात सगळं गोडीगुलाबीचं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर फवारणी असली की नाना आदल्या दिवशी सांगायला येतात, आणि आत येऊन सांगतात.

त्याच उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे येणार होते. हे मॅडमना कुणी कळवलं कोण जाणे, त्या त्याच दिवशी हजर. पाहुण्यांबरोबर त्यांनी पोहे खाल्ले, मुलाच्या नोकरीचं मनापासून कौतुक केलं आणि मग बाबांना अगदी सहज विचारलं, की हिच्या एम.एस्सी.च्या प्रवेशाचं तुम्ही यांना सांगितलंच असेल ना. बाबांनी सांगितलं नव्हतं. त्यांना त्याबद्दल ठाऊकही नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही नव्हतं. बाबा पाहुण्यांना म्हणाले, वर्षभर थांबा. त्या वर्षाची पुढे कितीतरी वर्षं झाली. तेवढ्या काळात मी शिकले, नोकरी केली, आणि आता गेवराईत माझं जिवाणू खतं बनवायचं छोटं युनिट आहे. लग्नही झालं. पोहे खाऊन गेलेल्या मुलाशी नाही.

मॅडम निवृत्त झाल्या आणि परळीला भावाच्या घरी राहायला गेल्या. मध्यंतरी त्यांचा पायाचा अंगठा सुजला. रक्तात युरिक ॲसिड वाढलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव वाचून त्यांनी मला तातडीने फोन केला. मला वाटलं, काही गंभीर आहे. त्या नुसत्या हसत होत्या. ती गोळी म्हणजे एका एन्झाइमला घातलेली आडकाठी आहे, आणि तीही नत्राच्याच कामातली, असं त्यांनी मला सांगितलं. जन्मभर झाडांना आणि जिवाणूंना जे केलं ते आता स्वतःच्या शरीरात चाललंय, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की अंगठा दुखतोय का, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

मागच्या महिन्यात मी परळीला गेले होते. मॅडम गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे अर्ध्या कापलेल्या पिंपांमध्ये भुईमूग लावलेला. समोर थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, चिमण्या दिसत होत्या. माती हाताला वेगळीच लागली, मऊ, करडी. मी विचारलं तर म्हणाल्या, की यात राख आहे, वीज केंद्रातली. थोडी माती, थोडं शेणखत, बाकी राख. बियाण्याला माझ्याच युनिटमधलं जिवाणू खत चोळलं होतं. मला हसू आलं. मी म्हटलं, मॅडम, राखेत जिवाणू कशाला जगतील.

त्यांनी एक वेल मुळासकट उपटली, झटकली. मुळांवर मोहरीएवढ्या गाठीच गाठी. एक गाठ नखाने चिरून त्यांनी माझ्यासमोर धरली. आतून लालसर गुलाबी. गाठ हिरवट किंवा पांढुरकी असेल तर जिवाणू नुसते बसून खातात. गुलाबी असेल तर ते हवेतलं नत्र पकडून झाडाला देत असतात. हे आम्हा दोघींनाही माहीत असल्यामुळे कुणी बोललं नाही. मग मॅडम म्हणाल्या, की त्यांचे वडील थर्मलमध्ये राख काढायच्या कामावर होते. घरी यायचे तेव्हा पापण्यांवरसुद्धा राख असायची. आई अंगणातच त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायची. "आप्पा म्हणायचे, या राखेत कधी काही उगवायचं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "त्यांना हे दाखवायचं राहिलं."

खाली भावाने हाक मारली, माझ्या बसची वेळ झाली होती. मॅडमनी त्या वेलीच्या शेंगा तोडून माझ्या ओंजळीत घातल्या आणि लगेच दुसरी वेल उपटायला वाकल्या. बस सिरसाळा सोडून पुढे गेली तेव्हा मी पहिली शेंग फोडली. दाणे दुधाळ होते, थोडे कोवळे, आणि लई गोड.